डॉक्टरांची गाडी, घर ते हॉस्पिटल

जुन्या मोटारींच्या कुठल्याही ऑनलाइन बाजारात शिरा आणि शहराच्या रकान्यात नागपूर टाका. समोर येतील त्यांतल्या बऱ्याचशा गाड्या डॉक्टरांच्या निघतील. 'डॉक्टर यूज्ड', 'डॉक्टर मेंटेन्ड', 'डॉक्टर साहब की गाडी, ओन्ली घर टू हॉस्पिटल'. या शहरातल्या वकिलांनी, प्राध्यापकांनी, कंत्राटदारांनी आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी कधी मोटारी घेतल्याच नाहीत की काय, असं वाटावं. या जाहिरातींचं मूळ आमच्या धंतोलीत आहे. रामकृष्ण मठाकडून यशवंत स्टेडियमकडे पायी निघालं, तर वाटेत डॉक्टरांच्या इतक्या पाट्या लागतात की धडधाकट माणसालाही पोचेपर्यंत कुठेतरी दुखायला लागतं. अशा वस्तीतली गाडी म्हणजे डॉक्टरचीच, आणि डॉक्टरची म्हणजे चांगलीच, असा सर्वमान्य समज आहे. जो दिवसभर लोकांचं प्रेशर पाहतो तो स्वतःच्या गाडीचं ऑइल प्रेशर पाहतच असेल, असं गिऱ्हाईक धरून चालतं.

यातली मेख अशी की धंतोलीत घर ते हॉस्पिटल हे अंतर पुष्कळदा एका जिन्याचं असतं. जिथे जिना नाही तिथे दोन गल्ल्या. इंजिनाच्या नशिबी याहून वाईट जिणं नाही. गार इंजिन चोक ओढून सुरू करायचं आणि तापायच्या आत बंद करायचं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो, प्लगांवर काजळी धरते आणि बॅटरी जन्मात कधी पोटभर चार्ज होत नाही. त्यापेक्षा रोज चंद्रपूरला जाऊन येणारी टॅक्सी ठणठणीत. पण 'टॅक्सी होती, रोज चंद्रपूर' अशी जाहिरात देऊन पाहा, कोण फोन करतो ते.

जाहिरातींतले बाकीचे शब्दही सरावानेच कळतात. 'थोडं काम आहे' याचा अर्थ इंजिन उतरवावं लागेल. 'प्रोजेक्ट कार' म्हणजे इंजिन आधीच उतरवलेलं आहे आणि कुठे ठेवलं ते आठवत नाही. 'रेअर' म्हणजे पार्ट मिळत नाहीत. 'फक्त 41,000 किलोमीटर' हे वाक्य मात्र शब्दशः खरं असू शकतं. जुन्या गाड्यांच्या मीटरला आकडे पाचच असत. 99,999 झाले की पाचही शून्यं गोल फिरून पुन्हा समोर येत आणि गाडी नव्याने जन्माला येई. एक्केचाळीस हजार हा तिच्या या जन्माचा हिशेब आहे, मागच्या जन्मांबद्दल मीटर गप्प असतं.

फोटो काढण्याचंही शास्त्र आहे. गाडी आधी धुवायची आणि ओली असतानाच फोटो काढायचा, म्हणजे फिकट रंगही चमकतो. कोन असा धरायचा की गंजलेला पत्रा आणि शेजाऱ्याची स्कूटर दोन्ही चौकटीबाहेर राहतील. समोरासमोरच्या व्यवहारात जाणता माणूस खिशात लोहचुंबक घेऊन येतो. पत्र्याला चिकटलं तर पत्रा, सुटून खाली पडलं तर पुट्टी. आता ते मोबाइलच्या काचेला लावून काय उपयोग? ऑनलाइन व्यवहाराचा खरा घोटाळा मला इथेच दिसतो. हॅकर, पासवर्ड वगैरे पुढच्या गोष्टी.

आमच्या शेजारच्या काकांकडे 1968 सालची फियाट 1100 आहे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. गिअर स्टेअरिंगखाली, पुढची सीट सलग बाकासारखी. हिच्याआधीची जी गुबगुबीत, नाकाड पुढे काढलेली फियाट होती तिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणत असे, आणि कुणी चुकून काकांच्या गाडीला तसं म्हटलं तर ते उठून पाठ फिरवतात. डुक्कर म्हटल्याचा त्यांना राग नाही, मॉडेल चुकल्याचा आहे. काका डॉक्टर नाहीत, बँकेतून निवृत्त झालेत. पण गाडी त्यांच्या वडिलांनी एका डॉक्टरकडून घेतली होती. म्हणजे जाहिरातीपुरती सोय झालेली होतीच.

विकायचं कारण जागा. धंतोलीत गाडी घेता येते, ठेवता येत नाही. दवाखाने, पेशंट, पेशंटचे नातेवाईक, नातेवाइकांच्या गाड्या आणि त्या गाड्या लावायला जागा शोधणाऱ्या आणखी गाड्या, हा इथला जुना आजार असून तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन आलेला आहे. काकांच्या फाटकासमोर रोज कुणीतरी गाडी लावून जातं आणि फियाट आत अडकते. काकूंचं म्हणणं, ती तशीही बाहेर निघत नाही. काकांचं म्हणणं, निघायची झाली तर? या विषयावर त्या घरात अनेक वर्षं चर्चा सुरू आहे.

तर काकांनी गाडी विकायची ठरवली, आणि लगेच प्रश्न आला: किमतीचा. किंमत किती, असं विचारलं की काका म्हणत, "तुम्हीच सांगा जी." सांगितली की दुखावत. त्यांच्या पिढीचं दुखणं समजून घ्यायला हवं. त्या काळी नवीन फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे हातात आलेली वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई. वरच्या पैशाला 'ऑन' म्हणत. वस्तू वापरल्यावर तिची किंमत वाढते, हे अर्थशास्त्र ज्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना घसारा कसा समजावणार? परदेशी गाडी हवी असेल तर दूतावासांनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून घ्यायला दिल्लीला जावं लागे, आणि तिथे नटनट्यांशी टक्कर असे. लिलाव म्हटला की काकांच्या डोळ्यांसमोर तो थाट येतो.

म्हणून पुण्याच्या भाच्याने जेव्हा सुचवलं, "मामा, ऑनलाइन लिलावात टाकू. किंमत आपण सांगायचीच नाही, लोक सांगतील," तेव्हा काका एकदम राजी झाले. किंमत लोक सांगणार, नाही म्हणण्याचा हक्क आपला. त्याला राखीव किंमत म्हणतात. बोली तिच्या वर गेली नाही तर गाडी विकायची सक्ती नाही. काकांनी ती अडीच लाख ठेवली आणि ही सोय ज्याने शोधली त्याच्याबद्दल त्यांना फार आदर वाटू लागला.

संकेतस्थळाने चाळीस फोटो मागितले आणि गार इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ. महिना मेचा. पारा पंचेचाळिसाच्या आसपास. नागपुरात मे महिन्यात गार इंजिन मिळवायचं तर पहाटे चारला उठावं लागतं. ते काकांनी केलं. गाडी सुरूही झाली. पण संकेतस्थळाला रस्त्यावर चालवतानाचाही व्हिडिओ हवा होता, आणि तो काढायला भाचा दहा वाजता उठला. लोकमत चौकापर्यंत गाडी नीट गेली, तिथे सिग्नलला उभी राहिली आणि बंद पडली. उन्हाने पेट्रोलच्या नळीत वाफ धरली की पंप नुसता हवा चावत बसतो. त्यावर आमच्याकडे पूर्वापार एकच उपाय आहे: बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका टाकायचा आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाजूला उभं राहायचं. भाच्याने हेही सगळं चित्रित केलं. जाहिरातीत काय लिहायचं, म्हणून मला विचारायला आले. मी लिहून दिलं: 'उन्हाळ्यातही चाचणी घेतलेली.'

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. लिलावाखाली कुणीही प्रश्न विचारू शकतो आणि विकणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं. बंगळूरूच्या एका इंजिनिअरने विचारलं, चेसिसच्या खालच्या वेल्डिंगचे फोटो आहेत का. ते काढायला काका गाडीखाली शिरले आणि त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली. एकाने विचारलं, एसी आहे का. एकाने बुलेट बदल्यात चालेल का म्हणून विचारलं. आणि प्रत्येक लिलावात हटकून एक गृहस्थ असतातच, जे चालू बोलीच्या आकड्याकडे पाहत खाली लिहितात, 'लास्ट किती?' एक फौजीही आला. गणवेशातला फोटो, बदली तातडीची, गाडी न पाहताच पसंत, पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. काका बँकेत होते. त्यांनी उलट लिहिलं, "पैसे मला यायचे आहेत न भाऊ? मग स्कॅन मी काहून करू?" फौजी पुन्हा दिसला नाही. देशाच्या सीमेवर अशा फौजींची बरीच मोठी फौज असावी.

हे झालं विकणाऱ्याचं. घेणाऱ्याचे हाल पाहायचे असतील तर आमचे एक मामा आहेत. त्यांना अ‍ॅम्बॅसॅडर हवी आहे. साधी नको, सरकारी हवी. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधानभवनाकडे धावणाऱ्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसॅडर लहानपणी पाहिलेल्या, त्याचा हा परिणाम. लाल दिवा 1 मे 2017 पासून बंद झाला, आणि अ‍ॅम्बॅसॅडरच मुळी 2014 साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनायची थांबली, तरी मामांच्या मनात दोन्ही चालू आहेत. पुढे कारखान्याने अ‍ॅम्बॅसॅडर हे नुसतं नाव फ्रान्सच्या प्युजोला 80 कोटींना विकलं. ही बातमी मामा प्रत्येक लग्नात सांगतात. नाव 80 कोटींना गेलं आणि ज्या गाड्यांवर ते नाव लिहिलं आहे त्या भंगाराच्या भावात, म्हणजे नाव काढून वेगळं विकायला हवं होतं, असा त्यांचा हिशेब.

सरकारी खात्यांच्या बाद गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकल्या जातात. नीरव मोदीची रोल्स रॉइस घोस्ट 2019 च्या एप्रिलमध्ये इथूनच लिलावात निघाली होती, त्यामुळे दर्जाबद्दल मामांना शंका नाही. आधी नोंदणी, मग बयाण्याची रक्कम, मग ती अट: 'जसे आहे, जेथे आहे.' माझ्या मते मराठी गद्यातलं हे अत्यंत प्रामाणिक वाक्य आहे. जसे आहे म्हणजे टायर नाहीत. जेथे आहे म्हणजे खात्याच्या मागच्या आवारात, बाभळीखाली, आणि बाभूळ गाडीच्या नंतर उगवलेली. त्यातही यादी नीट वाचावी लागते. काही गाड्या भंगार म्हणूनच विकायच्या असतात, त्यांचं आरसी बुक मिळत नाही. म्हणजे गाडी तुमची, पण ती गाडी आहे हे सिद्ध करता येणार नाही. आणि समजा तुमची बोली सर्वांत वर राहिली, तरी निकाल 'मंजुरीच्या अधीन' असतो. वरचा साहेब म्हणाला की किंमत कमी आली, तर पुन्हा लिलाव. मामांची बोली एकदा तशी अधीन झाली आणि अजून अधीनच आहे. ते दर अधिवेशनाला चौकशी करतात.

तरी मी त्यांना सांगतो, लिलावातली गाडी घेऊन माणूस सुखी झाल्याचं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. 2015 च्या डिसेंबरात मुंबईत दाऊद इब्राहिमची म्हणून एक हिरवी ह्युंदाई अ‍ॅक्सेंट लिलावात निघाली. हिंदू महासभेच्या स्वामी चक्रपाणींनी ती 32,000 रुपयांना घेतली, गाझियाबादला नेली आणि जाहीरपणे जाळून टाकली. नाव बदलणं नाही, विमा नाही, पार्किंग नाही.

कारण खरी गंमत कागदांत आहे. जुनी मोटार म्हणजे मुळात कागदांचा गठ्ठा असतो, पत्रा त्याला जोडलेला असतो. काकांची गाडी वडिलांच्या नावावर, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस तीन, त्यांतली एक बहीण अमेरिकेत. मूळ नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात. ती 'वाहन' या संगणकीय प्रणालीत नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यायची, म्हणजे ही गाडी अस्तित्वात आहे हे सरकारला पटवून द्यायचं. मग नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30, आणि त्यावर चेसिस नंबरची पेन्सिलने घासून काढलेली छाप. अर्ध्या शतकाच्या गंजावर पेन्सिल घासली की जे उमटतं त्यात आकडे शोधायचे म्हणजे ताम्रपट वाचणाऱ्यालाच बोलवावं. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची मोटारीची फी 2022 च्या एप्रिलात 600 ची 5,000 झाली आणि 2025 च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. वर पर्यावरण कर आणि नवी एचएसआरपी पाटी. एजंटाचे वेगळे. सगळी बेरीज करून एजंटाने काकांना विचारलं, "साहेब, गाडी केवढ्याची आहे?" काका म्हणाले, "तेच तर पाहून राहिलो."

यातून एक वाट आहे, आणि ती भाच्याने शोधून काढली. 2021 च्या जुलैत केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी 20,000, नोंदणी दहा वर्षांची आणि नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरं. काकांची कळी खुलली. मग भाच्याने पुढचं वाचलं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. काकू म्हणाल्या, "म्हणजे आत्ता जे चालू आहे तेच, फक्त वीस हजार भरून." शिवाय मूळ स्वरूपाचा मुद्दा होताच. फियाटचा हॉर्न अ‍ॅम्बॅसॅडरचा आहे, एक आरसा मारुतीचा, आणि मागच्या सीटचं कव्हर काकूंच्या जुन्या पडद्याचं. परिवहन खात्याचा एखादा कडक अधिकारी आला तर पडद्यावरच अडेल.

लिलावाची शेवटची संध्याकाळ. आम्ही सगळे काकांकडे जमलो. टेबलावर लॅपटॉप, बाजूला चिवडा. लिलाव नऊला संपायचा होता. कोल्हापूरचे एक गृहस्थ सुरुवातीपासून टिकून होते. प्रश्नोत्तरांत त्यांनी काकांना प्रश्नही विचारला होता, आणि त्यावर काकांनीच त्यांची उलटतपासणी घेतली होती. गाडी छपराखाली राहील का, चालवणार कोण, मुलगा चालवणार असेल तर मुलगा काय करतो. एवढं होऊनही ते बोली लावत राहिले, म्हणजे माणूस खरा हौशी. नऊला दहा मिनिटं असताना बोली 2 लाख 40 हजारांवर होती. काकांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. राखीव किंमत गाठली गेली नव्हती, आणि तरी आकडा चारचौघांत सांगण्याजोगा झाला होता. त्यांच्या दृष्टीने लिलाव इथेच संपायला हवा होता.

भाच्याला मात्र काकांचं भलं करायचं होतं. त्याने मित्राच्या नावाने आणखी एक खातं काढून ठेवलेलं होतं. कोल्हापूरकरांना थोडं तापवावं म्हणून त्याने नऊला दोन मिनिटं असताना 2 लाख 60 हजार टाकले. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, म्हणजे समोरच्याला विचार करायला अवधी मिळतो. वेळ वाढली. कोल्हापूरकरांनी विचार केला. आणि ते उठून जेवायला गेले असावेत, कारण त्यानंतर काहीच झालं नाही. आकडे मागे मागे येत शून्यावर आले, पडद्यावर कागदी फुलं उधळली गेली आणि खाली अक्षरं उमटली: 'अभिनंदन! आपली गाडी विकली गेली आहे.'

"कोणी घेतली?" काकूंनी विचारलं.

कुणी बोललं नाही. भाचा चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.

रात्री साडेनऊला संकेतस्थळाचा मेल आला. घेणाऱ्याने पाच टक्के कमिशन, म्हणजे 13,000 रुपये भरावेत, मग त्याला विकणाऱ्याचा फोन नंबर कळवण्यात येईल. भाच्याने खेळीमेळीत विचारून पाहिलं की मागे घेता येईल का. उत्तर आलं की बोली बंधनकारक असते. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तेरा हजार देऊन आपल्याला आपलाच फोन नंबर मिळणार," त्या म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा आत घेऊन गेल्या.

काका काही फार खचले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. जाणारा-येणारा विचारत होता आणि ते आकडा सांगत होते. "दोन साठ. ऑल इंडिया लिलाव होता न बाप्पा." घेतली कोणी, या प्रश्नावर "पार्टी पुण्याची आहे" एवढंच. यात खोटं काही नव्हतं.

समोरचे डॉक्टर खाली आले. त्यांच्या पोर्चमध्ये दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासची, वडिलांच्या वेळची. तिच्यावरची ताडपत्री कधीची बदलायची आहे. त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

"दोन साठ म्हणजे चांगलेच आले. आमच्या हेराल्डचे किती येतील हो?"

"टाकून पाहावं लागेल," काका जाणकाराच्या सुरात म्हणाले. "भाच्याला सांगतो. पण एकदा लागली की द्यावी लागेल बरं का डॉक्टर."

डॉक्टर दचकले. "छे छे, विकायची कुठे आहे? नुसती टाकायची आहे."